निळ्या पट्ट्यांचा जोड

दुपारचं जेवण अंगावर आलंय. हिंदुराव सोप्यात घोंगडं टाकून कलंडलाय. डोळे अर्धे मिटलेले, अर्धे उघडे. उशाशी पॉलिशची डबी, ब्रश, जुन्या धोतराची चिंधी आणि शेवंताचा बूट.

नुसता बूट म्हटलं तर कुणाला कळायचं नाही. खाली लहान पोराच्या मापाचा काळ्या चामड्याचा बूट, त्याच्या दोन्ही अंगांनी वर मांडीपर्यंत गेलेल्या लोखंडी पट्ट्या, मध्ये गुडघ्याशी बिजागरी आणि वर मांडीला आवळायचा चामडी पट्टा. डॉक्टर त्याला कॅलिपर म्हणतात. शिरढोणी गाव त्याला बूट म्हणतं. शेवंता ही हिंदुरावची धाकटी बहीण. पोलिओनं वाळलेला डावा पाय या बुटात घालून तिनं उभा जन्म काढला. खुळुक-खट, खुळुक-खट. गल्लीच्या तोंडाशी आवाज झाला की बायका घरातली साडी काढून ठेवायच्या, फॉल लावायला शेवंता आली म्हणून.

गेल्या हिवाळ्यात ती मेली.

आज संध्याकाळी हा बूट काचेच्या कपाटात जाणार आहे. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात शिसवी चौकटीचं कपाट उभं केलंय. वर पाटी रंगवलीय : 'कै. शेवंताबाई माळी स्मृती'. बाहेर पायऱ्यांच्या बाजूला तिच्याच नावाचा नवा रॅम्प, त्याला लाल फीत. देवस्थान कमिटीचे जयसिंगराव परवा स्वतः घरी येऊन गेले. म्हणाले, "हिंदुराव, बूट द्या. गावाचं भूषण हाय त्ये. पोरास्नी बघायला ऱ्हाईल."

हिंदुराव म्हणाला, "बघू."

गावात 'बघू' म्हणजे 'हो'च. म्हणून तर आज जेवायच्या आधी त्यानं बूट खिळ्यावरून काढला, पट्टे सोडले, पॉलिश केलं. पण तेवढंच. अजून त्यानं बूट कुणाच्या हातात दिलेला नाही. द्यायचा की नाही, हे संध्याकाळच्या आत ठरवायचं आहे. आणि अंगावर ही अशी झोप.

लांब देवळाकडं माईकवाला घसा खरवडतोय. "हॅलो. हॅलो. हॅलो माईक टेस्टिंग."

भूषण म्हणे.

हाच सभामंडप. ग्रामसभा तिथं, रेशन तिथं, बचत गटाची बैठक तिथं, लहान लेकरांना पोलिओचा डोस पाजायचा तोसुद्धा तिथंच, वर. पोलिओ झालेल्या बाईनं मात्र खाली उभं राहायचं. पायऱ्या चढायची तिची तयारी होती, वर चढून दारात उभी राहिली की म्हणायचे, "शेवंते, चामडं हाय. बूट भाईर काढ." आता बूट काढला की तिला पाय कुठला? मग ती खालूनच ओरडायची आणि रेशनची पिशवी कुणीतरी पायऱ्यांवरून टाकायचं. मालन कुंभारणीचं तेच. ती तीनचाकी हातसायकलवर फिरते. तिला सांगितलं, चाक रस्त्यावर फिरतं, म्हणजे चाक ही चप्पलच.

शेवटी शेवंतानं ग्रामसभेत जाऊन रॅम्प मागितला. बूट खाली काढून, पायऱ्यांवर हाताचे तळवे टेकत, बूड घासत वर गेली. तोंड वर करून बोलली. 'बघू' असं उत्तर घेऊन तशीच खाली यायला निघाली. सभा सुटली होती, माणसांचा लोंढा पायऱ्यांवर आला. त्यात हात सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणाला खिळली, पाठ सडली आणि गेली. गेल्यावर मात्र गाव गदगदून उठलं. रॅम्प झाला. विहिरीच्या उतारासारखा ताठ, गुळगुळीत फरशीचा, धरायला कठडा नाही. आणि अजून फीत कापलेली नाही तोवरच गावानं त्या रॅम्पचा उपयोग शोधला. देवळात जाताना चपला कुठं काढायच्या? इथं. मोकळी जागा दिसली की शिरढोणीचा माणूस तिथं चप्पल काढतो. काल हिंदुरावनं डोळ्यांनी पाहिलं. रॅम्पभर चपला. त्यात निळ्या पट्ट्यांचा एक बायकी जोड.

तो जोड त्यानं ओळखला. त्याच्याच घरातून दान गेला होता.

"हॅलो. हॅलो... दादा. ए दादा."

हिंदुराव मान वळवतो. सोप्याच्या कोपऱ्यात शेवंता शिवणाच्या मशीनवर बसलीय. हातानं चाक फिरवतेय. सुईखालून साडी सरकतेय, पण साडीला शेवट नाही. ती मशीनवरून खाली, खालून उंबऱ्याकडं, उंबऱ्यावरून अंगणात चाललीय. रंग मातीचा.

"कुणाची गं एवढी लांब साडी?" तो विचारतो. ती मेलीय हे त्याला माहीत आहे, पण आत्ता ते बोलणं बरं दिसणार नाही असं त्याला वाटतं.

"साडी कुठली? वाट हाय," ती म्हणते. "फॉल लावल्याबिगर चालायला येत न्हाई. काठ उसवतोय."

तो साडीवर पाय ठेवतो आणि पायाखाली फुफाटा आहे. तापलेला. सोपा मागं राहिलेला नाही. दोन्ही बाजूंना माळ, वर ऊन, पण सूर्य कुठं दिसत नाही. वाटेनं माणसं चाललीत. ओळखीची. गेल्या साली वारलेला गुंडा सुतार हात वर करून "रामराम आप्पा" म्हणतो आणि पुढं जातो. कुणाची आजी, कुणाचा चुलता. सगळ्यांच्या पायांत कोऱ्या चपला, बगलेत कोऱ्या छत्र्या. तेराव्याला दिलेल्या.

मशीन आता मैलाचा दगड झालंय. शेवंता त्याला टेकून खाली बसलीय. वाळका पाय पुढं, उघडा. मांडीवर निळ्या पट्ट्यांचा जोड.

"ह्ये काय धाडलंस मला?" ती जोड वर धरते.

"चपला."

"चपला हायत त्ये मलाबी दिसतंय. मेले म्हणून आंधळी झाले न्हाई."

"भटजी म्हणालं," हिंदुराव चाचरतो. "म्हणालं, पुढची वाट तापल्याली असती. मेल्या माणसाच्या नावानं जोड दान केला तर त्येला पोचतो. वयनी तुझी सोता बाजारात गेली. गुरवाच्या बायकूला दिला, मानानं. हळद-कुकू लावून."

"माप काय घेतलं?"

"उजव्या पायाचं."

"आन डावा?"

हिंदुराव जोडाकडं बघतो.

शेवंता हसू लागते. तिचं हसणं पहिल्यासारखंच, नाकातून. "अरं माझ्या राजा. जलमात कधी मी जोड घातला व्हता का? दुकानदारबी कधी मला जोड इकत न्हवता, म्हणायचा दुसरी चप्पल कुणाला घालू? आन मेल्यावर तू मला जोड धाडलास! सगळी गेली की रं फुडं. माझ्या मागनं मेल्याली गेली. मी हितंच बसलीय, जोड मांडीवर घिऊन."

"चुकलं गं."

"चुकलं कसलं? तेरा दिस घरात मानसं जेवली. एकाच्याबी ध्यानात आलं न्हाई का, हिला जोड कशाला म्हणून?"

आलं नव्हतं. भटजीच्या नाही, बायकोच्या नाही, त्याच्या नाही. रीत होती, रीतीप्रमाणं झालं.

तो खाली वाकतो. "चल. पाठीवर घेतो. लहानपणी शाळंत न्यायचो तसा."

"हात लावू नगंस!" आवाज एकदम धारदार. "मी काय पोतं हाय? जो उठतो त्यो उचलतो. बसमधी चढाय गेलं की कंडक्टर बगलंत हात घालतो. दवाखान्यात गेलं की वार्डबॉय उचलतो. कुटं कुटं हात लागतात, ठावं हाय का तुला? बाई मानूस हाय मी. उचलाय सगळी तयार, पायरी काढाय एकबी न्हाई."

ती बोलते तशी वाट उभी राहू लागते. तापलेल्या फुफाट्याची एक पायरी होते, तिच्यावर दुसरी. हिंदुराव बघतो तर ते देवळापुढं उभे आहेत. शिरढोणीचंच देऊळ, तोच पिंपळ. पण पायऱ्या वर कळसाच्याही पलीकडं गेल्यात आणि वरचं टोक धुरात आहे. धुरातून माणसांची कुजबूज येते. कुणी खोकतं. कुणी टाळी देतं. सगळे वर बसलेत.

"हितंबी पायऱ्याच?" हिंदुराव विचारतो.

"मग? बांधणारी आपलीच न्हवं. हितली जुनी मानसं कुठनं आली? शिरढोणीतनंच."

वरून आवाज येतो. माईकमधून आल्यासारखा, जयसिंगरावाचा. जयसिंगराव अजून धडधाकट जिवंत आहे, पण आवाज त्याचाच. "पादत्राणं भाईर काढून यावं. पादत्राणं भाईर. हॅलो. हॅलो."

पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प आहे. आहे म्हणजे असावा, कारण दिसतोय तो नुसता चपलांचा डोंगर. कोल्हापुरी, रबरी, पोरांचे शाळेचे बूट, तुटक्या अंगठ्यांच्या, झिजल्या टाचांच्या. पायथ्याशी मालन कुंभारीण हातसायकलवर बसलीय. ती तर मेलेली नाही.

"मालन, तू हितं कशी?"

"रेशनला आलीया," मालन म्हणते. "आज साखर वाटत्यात म्हणं. कवाधरनं हाका मारतीया, वरनं कुणी बघंना."

हिंदुराव बाह्या सारतो. एक चप्पल उचलून लांब भिरकावतो. दुसरी. तिसरी. पण एक उचलली की त्या जागी दोन होतात. वरून माणसं उतरतात, नव्या चपला काढतात, हात जोडून परत जातात. कुणाच्या तोंडावर वाईटपणा नाही. सगळी भली माणसं. एक जण तर मालनच्या मांडीवर प्रसादाचा पेढा ठेवून जातो आणि तिच्या चाकाला चप्पल टेकवून ठेवतो.

"अहो, रस्ता हाय ह्यो!" हिंदुराव ओरडतो. ओरडतो पण तोंडातून आवाज 'बघू' असाच येतो. "बघू. बघू."

शेवंता सगळ्यात खालच्या पायरीवर बसून बघतेय. "दमशील. ऱ्हाऊ दे. माझा बूट कुठाय?"

हिंदुराव थांबतो. "हाय. घरात हाय."

"सरणावर का न्हाई ठिवला?"

"चामडं आन ल्वाखंड सरणावर चालत न्हाई म्हणालं. काढून घेतला."

"म्हंजी हिकडंबी बिनपायाचीच धाडली."

"आता त्येला मान द्यायचं ठरलंय," तो घाईघाईनं सांगतो, जणू त्यानं ती खूष होईल. "काचंच्या कपाटात ठिवणार. सभामंडपात, देवाच्या उजव्या अंगाला. हार घालणार, दिवा लावणार. तुझं नाव रंगवलंय. आमदाराकडला मानूस येणार हाय."

वर धुरात कुणीतरी पान थुंकतं.

"आन तवाचं चामडं?" ती विचारते. "आता चालतं व्हय?"

"गोमूत्र शिंपडून घेणार हायत."

"असं, असं." ती मान हलवते. "दादा, हिशेब नीट ध्यानात घे. जित्तीपणी मी आत गेले त्या येळंला बूट भाईर ऱ्हायला. आता बूट आत चाललाय तर मी भाईर. मी आन माझा बूट, दोघं एका येळंला ह्यांच्या दारातनं आत कवा जायाचं? माझा पाय ह्यास्नी नगं व्हता. माझी चाल नगं व्हती. माझा नुसता बूट पायजे. बूट बोलत न्हाई, रेशन मागत न्हाई, सभंत उभा ऱ्हात न्हाई. बरा हाय बूट."

हिंदुराव तिच्या शेजारी पायरीवर बसतो. दोघं भावंडं लहानपणी अशीच बसायची, वर सप्ता चालायचा आणि ही दोघं खाली बसून ऐकायची. तो वर जाऊ शकत असायचा. जायचा नाही.

"मग काय करू सांग," तो म्हणतो. "मालनला देऊ?"

"मालनला माझा बूट कसा यील? ज्याचा त्याच्या पायाच्या मापाचा असतो. त्यो काय तांब्या हाय, कुणीबी भरून घ्यावा? तुम्हांस्नी वाटतं लंगडी म्हंजी सगळी सारखी." ती त्याच्या दंडाला चिमटा काढते. चिमटा दुखतो. "मला माझा बूट पायजे. मला फुडं जायाचं हाय. जाळ त्यो."

"चामडं जाळू?"

"मी कशाची व्हते? पितळंची? चामड्याचीच की. मला जाळलंस न्हवं?"

"गाव बोंबलंल."

"बोंबलू दे. गावाचं काम त्येच."

"ल्वाखंड जळायचं न्हाई."

"त्ये उरंल. रॅम्पला कठडा कुठाय? लाव तिथं. वितभर तर वितभर. कुणाच्या तरी हाताला लागंल." ती हात पुढं करते. "आण."

आणि बूट त्याच्या हातात आहे. पॉलिश केलेला, पट्टे सुटलेले. कुठून आला हे तो विचारत नाही. ती निळा जोड बाजूला ठेवते, नीट, एकाला एक लावून, कुणी उसना दिलेला असावा तसा. वाळका पाय दोन्ही हातांनी उचलून बुटात घालते. नाड्या ओढते. लोखंड सरळ करते. मग मांडीचा पट्टा घेते, तो रुंद, घामानं काळा पडलेला पट्टा, आणि बक्कलात ओवून ओढत ओढत शेवटच्या भोकापर्यंत नेते. ते भोक ओढून ओढून लांबट झालेलं. हयातभर तिचा पट्टा तिथंच लागायचा, कारण मांडी एवढीच होती.

"लई घट न्हाई का झाला?" हिंदुराव म्हणतो.

"मला ठावं हाय माझा पाय."

ती त्याच्या खांद्याला हात लावत नाही. पायरीला हात देऊन उभी राहते. बिजागरी खट्टदिशी बसते. उभी राहिल्यावर ती त्याच्याएवढी उंच आहे. हे तो विसरलाच होता. अंथरुणात बघून बघून ती त्याला लहानच वाटायला लागली होती.

"शेवंते, परत कवा..."

"मालनला साखर मिळाली का बघ," ती म्हणते आणि निघते. पायऱ्यांकडं नाही. देवळाला वळसा घालून, पिंपळामागून, जिथं वाट अजून सपाट आहे तिकडं.

खुळुक-खट. खुळुक-खट.

खट. खट. खट.

"आप्पा! ओ आप्पा! निजलाय व्हय?"

दाराची कडी वाजतेय. हिंदुराव उठून बसतो. तोंडाला कोरड, मानेला घाम. अंगणातलं ऊन पायरीवरून खाली उतरलंय. दारात ग्रामपंचायतीचा शिपाई संपत, नवी टोपी, शर्टाला बिल्ला.

"चला, चला. पाव्हणं आलं, फीत कापायची खोळंबल्या. बूट द्या हिकडं, गुरव शिंपडाशिंपडी करून घेतो. मग तुमचा सत्कार, मग कपाट."

हिंदुराव उशाकडं हात नेतो आणि हात तिथंच थांबतो.

पॉलिश करताना त्यानं सगळे पट्टे सोडले होते. बक्कलाच्या फटीतली मळी काढायला चिंधीचं टोक ओवलं होतं, ते तसंच ठेवून तो कलंडला होता. आता चिंधी घोंगड्यावर पडलीय. मांडीचा पट्टा बक्कलातून ओवलेला. शेवटच्या भोकात. लांबट झालेल्या.

"अगं ए," तो आत हाक मारतो. "बुटाला हात लावलास का तू?"

"मी कशाला लावू?" परड्यातून बायकोचा आवाज येतो. "मी हिकडं भांडी घासतीया कवाधरनं."

हिंदुराव बोटानं पट्टा चाचपतो. चामडं ताणलेलं आहे. आत मांडी असल्यासारखं.

"आप्पा, उरका की," संपत म्हणतो.

"संपत, रॅम्पवर चपला हायत का रं?"

"असणारच की. दोन गावांची मानसं आल्यात. कुठं काढणार?"

"आन मालन?"

"आलीय. खाली हाय. फोटोच्या टायमाला चौघं मिळून सायकलसकट उचलतो तिला वर. जयसिंगरावानी मानसं नेमल्यात."

हिंदुराव उठतो. चुलीजवळच्या फळीवरून काड्यांची पेटी घेतो, कोपऱ्यातली रॉकेलची बाटली घेतो. बूट बगलेत मारतो. संपतच्या अंगावरून अंगणात उतरतो आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन उजवीकडं वळतो. उजवीकडं ओढा आणि ओढ्याच्या काठाला मसणवटा.

संपत मागं धावतो. "आप्पा, देऊळ हिकडं हाय!"

"ठावं हाय मला."

"अवं, मग बूट? कपाट आणलंय, काच बसवल्या, पाव्हण्यांच्या हातात कुलपाची किल्ली दिल्या. मोकळ्या कपाटात आम्ही काय ठिवायचं?"

हिंदुराव थांबतो, पण वळत नाही.

"तुमच्या चपला ठिवा," तो म्हणतो. "रॅम्प तरी रिकामा हुईल."

आणि चालू लागतो. माईकवर त्याच्या नावाचा पुकारा होतोय. बगलेतलं लोखंड चालताना त्याच्या मांडीवर आपटतंय, खुळुक-खट, खुळुक-खट. घराघरातून बायका दारात येतायत, सवयीनं, हातात साड्या घेऊन.

पट्टा त्यानं सोडलेला नाही.